तारप्याकडे पाठ करायला लावू नका: सुगीच्या महोत्सवाच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
सुगीच्या महोत्सवाची संयोजन समिती
आणि महोत्सवासाठी मैदान देणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी आईला घेऊन आपल्या महोत्सवाला आले होते. आई ८४ वर्षांची आहे. गुडघे धरतात म्हणून ती आता जवळच्या लग्नालाही जात नाही. पण गल्लीतून फिरणाऱ्या रिक्षाच्या भोंग्यावर भाताच्या सुगीचा, आपल्या मातीचा, आपल्या माणसांचा पुकारा ऐकला आणि तिने आपणहून कापडी पिशवी काढली. ‘थोरा राता मिलला त आनू,’ म्हणाली.

राता म्हणजे काय, हे आपल्या समितीतल्या किती जणांना ठाऊक आहे याची मला कल्पना नाही, म्हणून सांगते. ठाणे खाडीच्या दोन्ही अंगांना, पनवेल-उरणपासून पेण-अलिबागपर्यंत भरतीच्या पाण्याला बांध घालून आमच्या पूर्वजांनी जमीन काढली. तीच खार. बांधाला उघाडी ठेवायची, ओहोटीला आतलं पाणी सोडायचं, भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. पहिल्या पावसांनी मातीतला क्षार धुऊन निघाला की मोड आणलेलं भात चिखलात फेकायचं. त्या खारट मातीत भलतं भात टिकत नाही. टिकतो तो राता. काळा राता, भुरा राता. दाणा लाल, भात जाडसर, पण सकाळी खाल्ला तर दुपारपर्यंत भूक लागत नाही. खार बांधणारी आणि मिठाची आगरं पिकवणारी माणसं म्हणून आम्ही आगरी. आमचं नावच त्या मातीवरून पडलं आहे.

आपल्या मैदानात शिरल्यावर आई प्रवेशद्वाराच्या कमानीखाली थांबली. मला वाटलं, दम लागला. तिने पारसिकच्या डोंगराकडे पाहिलं, मग खाडीच्या बाजूला पाहिलं, आणि काठीने जमिनीवर दोनदा ठोकलं. ‘हितं आपली खार व्हती,’ म्हणाली. अगदी तीच जागा असेल असं मी म्हणणार नाही, पण आमचं शेत याच पट्ट्यात होतं. १९७० साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यात तेही गेलं. ज्या जमिनीवर आईने लग्नानंतरची पहिली कापणी केली, त्या पट्ट्यात कापणीचा उत्सव होतो आहे, याचा तिला आनंद झाला होता. तो मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. नाहीतर नावडता कार्यक्रम सोडून घरी येणं सोपं असतं.

आपल्या महोत्सवात ज्यांनी पीक काढलं, त्यांना जागा नव्हती. माझं सगळं गाऱ्हाणं या एका वाक्यात आहे. बाकीचं ते कसं घडलं याचा तपशील आहे. तो मी सविस्तर देते, कारण नुसतं ‘व्यवस्था नीट नव्हती’ असं म्हटलं की आपण पुढच्या वर्षी दोन पंखे वाढवाल आणि विषय संपेल.

आधी तांदळाचंच घेते. प्रवेशद्वारापासूनची पहिली मोठी रांग गृहप्रकल्प, गाड्या आणि मसाल्याच्या कंपन्यांच्या स्टॉलची होती. त्यापुढे एका स्टॉलवर ‘वाडा कोळम’ लिहिलेली पाच-पाच किलोंची पाकिटं रचली होती. भाव किलोला १४० रुपये. आईने विचारलं, ‘पोरा, यो तांदूल कंच्या गावचा?’ मुलगा भला होता. त्याने पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, ‘आजी, आमच्या शेठना विचारावं लागेल.’ पाकिटावर वाशीतल्या एका गाळ्याचा पत्ता होता. गाव नव्हतं, हंगाम नव्हता, शेतकऱ्याच्या गटाचं नाव नव्हतं.

वाडा कोळमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या मातीत पिकलेल्या त्या बारीक, सुवासिक झिणी तांदळाचं नाव दुसऱ्या कुठल्या तांदळाने घेऊ नये, एवढ्यासाठी ते असतं. बाहेरून आलेला तांदूळ आपल्या नावाने विकला जातो ही वाड्याच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. त्या स्टॉलवरचा तांदूळ खोटा होता असा आरोप मी करत नाही. मला तेवढी पारख नाही. पण स्थानिक पिकाच्या नावाने भरवलेल्या महोत्सवात ‘हा कुठला?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर स्टॉल देताना तो प्रश्न आपण विचारलाच नव्हता, हे उघड आहे.

आता हिशेब बघा. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. दीड किलो भात भरडलं की साधारण एक किलो तांदूळ निघतो. म्हणजे हमीभावाने भात विकणाऱ्याच्या हातात त्या एका किलोमागे ३५ रुपयांच्या आसपास पडले. कोळमला व्यापारी जरा चढा भाव देतो, भरडाई आणि वाहतूक असते, हे सगळं धरलं तरी १४० पर्यंतचं अंतर कोण खातं? सुगीच्या महोत्सवाने निदान तीन दिवस तरी हे अंतर मोडायला हवं होतं. आपण ते कमानीजवळच्या मोक्याच्या जागेवर मांडलं.

राता मात्र कुठेच नव्हता. आम्ही सगळे स्टॉल पाहिले.

शेवटी तांदूळ सापडला तो रंगमंचाच्या मागे, जिथे जनरेटर लावला होता आणि फिरती शौचालयं उभी होती त्या कोपऱ्यात. शहापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या तिघीजणी तिथे बसल्या होत्या. हातसडीचा तांदूळ, नाचणी, वरी, कडवे वाल, कुळीथ, आंब्याच्या फोडी वाळवून केलेली आंबोशी. प्रत्येक गोष्टीबद्दल त्यांना सांगता येत होतं. हे वाल भात कापल्यावर त्याच शेतातल्या ओलीवर टाकले, हे भात गरवं म्हणजे उशिरा तयार होणारं, हे निमगरवं म्हणजे मधल्या मुदतीचं, ही नाचणी वरकस जमिनीवरची. आई तिथे खाली बसली ती अर्धा तास उठली नाही. सुपातला तांदूळ हातात घेऊन तिने एक दाणा दाताखाली धरला. ‘यंदाचाच हाय,’ म्हणाली. त्या तिघींतली एक हसली आणि म्हणाली, ‘आजी, तुम्हीच पहिल्या विचारलंत.’

त्यांच्याकडून मला जे कळलं ते आपल्याला ठाऊक असेल असं मी धरून चालत नाही. मोक्याच्या रांगेचं तीन दिवसांचं भाडं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. ‘सवलतीत’ मिळाली ती ही जागा. माल आणायला टेम्पो परवडला नाही, म्हणून आसनगावहून लोकलने ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी, डोक्यावर गोणी. रोज जाऊन-येऊन, कारण मुक्कामाची सोय नव्हती. शेवटची गाडी गाठायची म्हणून संध्याकाळी सातलाच आवराआवर, आणि गर्दी तर सातनंतर येते. दोन दिवसांत जेमतेम गाडीभाडं सुटलं होतं. पण मला सगळ्यात लागलं ते पुढचं. त्यांचं बरंचसं नवं भात दिवाळीनंतर लगेच व्यापाऱ्याकडे गेलं होतं. खताची उधारी होती, मुलांच्या फिया होत्या. ‘महोत्सव मार्गशीर्षात असता तर झोडणी झाल्या झाल्या आणलं असतं, चार पोती तरी,’ ती म्हणाली. आपण तारीख ठरवताना मैदान कधी रिकामं आहे आणि पाहुणे कधी मोकळे आहेत हे पाहिलं असेल. खळ्यावर भात कधी येतं हे पाहिलं नाही.

शहापूर हा तालुका कुठला, हेही एकदा आठवून बघा. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं तिथली. मुंबई महानगराचा केवढा तरी भाग ते पाणी पितो, आणि चैत्र-वैशाखात तिथल्याच पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. त्यांना आपण शौचालयाशेजारी बसवलंत. जाणूनबुजून नाही, मला मान्य आहे. पण ज्याचं भाडं मोठं त्याची जागा पुढे, हा नियम लावला की हे आपोआप होतं. नियम आपण केला होता.

दुसरी गोष्ट तारप्याची. ती पाहून मला रात्री झोप आली नाही.

वारली माणसांचा तारपा नाच हा कापणीचा नाच आहे. भात तयार झालं, कणसरी म्हणजे धान्याची देवी घरात आली की तारपा वाजतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर ते वाद्य उभं राहतं. एकाच श्वासात वाजवल्यासारखा त्याचा सूर तुटत नाही. तारपकरी मधे, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून बाया-पुरुषांची साखळी फिरते. तो वळला की साखळी वळते. नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. हा त्या नाचाचा गाभा आहे.

आपल्या रंगमंचावर त्या मंडळींना सोफ्यांकडे तोंड करून सरळ रेषेत उभं केलं गेलं. ध्वनिव्यवस्थेवरचा माणूस ‘फ्रंटला बघा, फ्रंटला’ असं माईकवरून दोनदा ओरडला. तारपकरी म्हाताऱ्याला माईकच्या दांड्यापुढे उभं केलं आणि नाचणारे त्याच्यापुढे, त्याच्याकडे पाठ करून. ते कसनुसे होऊन पावलं टाकत होते. एक बाई मधूनच मान वळवून मागे बघत होती. आणि त्यांच्या मागे जो चाळीस फुटी पडदा आपण लावला होता, त्याच्यावर काय छापलेलं होतं? वारली चित्र. मधे तारपकरी, भोवती गोल फिरणारी माणसं, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. चित्रातल्या माणसांना जे मिळालं होतं ते समोरच्या जिवंत माणसांना आपण नाकारलंत. फ्लेक्सवरचं ते चित्र मुळात तांदळाच्या पिठाने काढतात, गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. ज्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली आणि ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ते आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातले. तांदळाच्या सुगीचा महोत्सव आणि तांदळाच्या पिठाने लिहिलेलं चित्र, केवढा सरळ धागा होता हा. तो सांगायला मंचावर कुणी नव्हतं.

नाच सुरू होऊन सात-आठ मिनिटं झाली असतील, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. निवेदकाने हात वर करून तारपा थांबवला. मग स्वागत, शाल, श्रीफळ, भाषणं, पुन्हा शाल. हे पाऊण तास चाललं. ती मंडळी त्या वेळभर मंचाच्या पायऱ्यांवर उकिडवी बसून होती. नंतर वेळ संपली म्हणून त्यांचा नाच पुन्हा झालाच नाही, लगेच वाद्यवृंद सुरू झाला. मी पायऱ्यांपाशी जाऊन म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, मानधन मिळालं का? ‘पुढल्या आठवड्यात देतो बोललेत,’ तो म्हणाला. जव्हारच्या बाजूने आलेला माणूस पुढल्या आठवड्यात ते घ्यायला कसा येणार?

माझी तिसरी तक्रार आमच्याच बोलीची आहे. आपले निवेदक हुशार होते, आवाज चांगला होता. पण मराठी ते नेहमीचं बोलत आणि हशा हवा असला की आगरी. डोळ्याला ‘डोला’ म्हटलं की लोक हसत होते. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे. सुरुवातीच्या काळात मीही वर्गात आमच्याच मुलांचा ‘ल’ सुधारत बसायचे, आणि त्यातली काही मुलं नंतर वर्गात तोंड उघडेनाशी झाली. ते माझ्या मनातून जात नाही. या बोलीत लग्नाचे धवले आहेत, ते रात्रभर म्हणणाऱ्या धवलारणी आहेत, लावणी-कापणीची गाणी आहेत. आईला अजून अकरा गाणी पाठ आहेत, मी वहीत उतरवून घेतली आहेत. तीन दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत एका धवलारणीला वीस मिनिटं देता आली नसती का? मंचावर ही बोली आली ती फक्त हसण्यासाठी. समोर बसलेल्या माझ्या आईला कळत नव्हतं की लोक कशाला हसतात. ती रोज तसंच बोलते.

पोपटीचंही सांगायला हवं, कारण आपल्या पत्रकावर तिचा फोटो सगळ्यात मोठा होता. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कुणाकडे कोंबडी, मिठात आणि ओव्यात घोळून मडक्यात भरायचं, तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. भांबुर्ड्याचा वास त्या शेंगांत उतरतो, आणि थंडीच्या रात्री जाळाभोवती बसून सगळ्यांनी एका परातीत खायचं. आपल्याकडे गॅसवर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकडलेल्या शेंगा होत्या आणि त्या थर्माकोलच्या वाटीत दिल्या जात होत्या. शहरात मैदानावर जाळ करता येत नाही, अग्निशमनाचे नियम असतात, हे मला समजतं. मग पत्रकावर तसं नाव घालू नये. भांबुर्डा शेताच्या बांधांवर उगवतो. बांध गेले तसा तोही गेला. तो आणायचा तर पनवेल-पेणच्या गावांत माणूस पाठवावा लागतो, आणि तिथले लोक आनंदाने मडकी लावून देतील. कुणी विचारलं नाही. थर्माकोलच्या ताट-वाट्यांना महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पानांच्या पत्रावळी मुरबाड-शहापूरच्या बाया लावतात. त्यांच्याकडून घेतल्या असत्या तर कायदाही पाळला गेला असता आणि त्यांना चार पैसेही मिळाले असते.

आणखी एक. याच जानेवारी महिन्यात, १९८४ साली, १६ आणि १७ तारखेला उरण परिसरात शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी ते रस्त्यावर उतरले होते. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं, आणि त्यातूनच आज आमच्या गावांतली कितीतरी घरं उभी आहेत. आपल्या प्रवेशद्वारावरच्या फलकावर ‘आगरी-कोळी संस्कृती’ या शब्दांखाली नाच, मासळी आणि नारळी पौर्णिमा एवढंच होतं. सुगीचा उत्सव याच महिन्यात, याच संपादित जमिनीवर, आणि त्या पाच जणांसाठी एक मिनिटाचं मौनही नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध, म्हणजे खोतांच्या जमीनदारीविरुद्ध, १९३३ पासून सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत, उपासमार सोसली. भात पिकवणं आणि प्रसंगी ते न पिकवणं, दोन्हीला आमच्याकडे इतिहास आहे. संस्कृती या शब्दात तोही येतो.

हे सगळं लिहिताना मी स्वतःला विचारलं की माझी अपेक्षा जास्त आहे का. आपण म्हणाल, प्रायोजक नसतील तर मंडपाचा खर्च कुठून काढायचा? प्रश्न खरा आहे. प्रायोजक असू देत. गाड्यांचे स्टॉल असू देत. ते मागच्या रांगेत बसले तरी त्यांचा धंदा बुडत नाही, लोक त्यांना शोधत जातात. शहापूरच्या बाईला शोधत कुणी जात नाही, ती दिसली तरच तिचा माल विकला जातो.

म्हणून माझ्या मागण्या सरळ सांगते.

ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतल्या प्रत्यक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आणि बचत गटांसाठी निम्मे स्टॉल बिनभाड्याने राखून ठेवा आणि ते प्रवेशद्वारापासून सुरू करा. लांबून येणाऱ्या बायकांची रात्रीच्या मुक्कामाची सुरक्षित सोय करा. गावागावांत समाजमंदिरं आहेत, आमच्या गावातलं मिळवून द्यायला मी स्वतः धडपडेन.

विकायला ठेवलेल्या प्रत्येक धान्यावर गाव, वाण आणि हंगाम लिहिलेला असावा. मानांकन मिळालेल्या मालाचं नाव वापरायचं तर विक्रेत्याने तो हक्क असल्याचा कागद समितीला दाखवावा. वाडा कोळमला हे लागू आहे, तसं बदलापूरच्या जांभळाला, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला आणि घोलवडच्या चिकूलाही आहे.

तारीख ठरवण्याआधी पिकवणाऱ्यांना विचारा. संयोजन समितीत त्यांच्यातले निदान तीन जण घ्या, त्यात एक वारली किंवा कातकरी असावा, आणि निम्म्या बायका असाव्यात.

तारपा मैदानावर गोलात नाचू द्या. प्रेक्षक भोवती बसतील. तो मधेच थांबवू नका, पाहुणे कितीही मोठे असोत. बसून पाहण्याने त्यांचाही मान कमी होत नाही. कलाकारांचं मानधन त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आत हातात द्या.

खारपट्ट्यातल्या जुन्या भातांसाठी एक दालन करा. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही वाणं काढली आहेत. खारपट्ट्यातल्या भातांची त्यांच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नसेल. त्यांना बोलवा. काळा आणि भुरा राता लोकांना बघायला मिळू द्या, मुलांना कणसं हाताळू द्या. या शहरातल्या शाळेतली कितीतरी मुलं भाताचं रोप आणि गवत यांतला फरक सांगू शकत नाहीत, आणि ती ज्या इमारतींत राहतात तिथे तीन पिढ्यांपूर्वी भातच होतं.

महोत्सव जानेवारीतच झाला तर उद्घाटनाआधी १९८४ च्या हुतात्म्यांना अभिवादन करा. कधीही झाला तरी निदान एक फलक लावा.

थर्माकोल नको. निवेदकाला सांगा की बोली ही बोलण्यासाठी असते.

आणि सगळ्यात शेवटी, मैदान कोणत्या दराने मिळालं, स्टॉलचं भाडं किती जमलं, कलाकारांना किती दिलं, याचा एक पानी हिशेब सूचनाफलकावर लावा. सार्वजनिक मैदान वापरलं आहे, एवढं विचारायचा हक्क गावकऱ्यांना आहे.

उत्तर मृग निघायच्या आत द्यावं ही विनंती. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर ज्यांना यायचं आहे ते आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, कामात अडकतात, आणि दिवाळीपर्यंत त्यांना वेळ नसतो. पुढच्या महोत्सवात काय आणायचं, किती राखून ठेवायचं, कुणी वालाची लावण वाढवायची, हे पेरणीच्या आधीच ठरतं.

बैठक बोलावलीत तर मी येईन. शहापूरच्या त्या तिघींपैकी दोघी यायला तयार आहेत, मी फोनवर विचारलं आहे. बैठक सकाळी अकराच्या आधी ठेवू नका, त्यांना आसनगावपर्यंत यायलाच तास लागतो. आईलाही यायचं आहे. तिची पिशवी त्या दिवशी अर्धी भरली, हातसडीच्या तांदळाने आणि वालाने. राता मिळाला नाही, त्याबद्दल ती काही बोलली नाही, पण पिशवी तिने अजून खुंटीला तशीच अडकवून ठेवली आहे.

आपली,
घणसोलीची एक निवृत्त शिक्षिका